विशेषणं पुसल्यावर

न्हाय मामा, माझ्या नावाआधीचं 'उच्चविद्याविभूषित' उडवलं न्हाय, नुसतं बाजूला सरकवलंय — बसा ना, खुर्ची ओढून घ्या, पडद्यावर नीट दिसंल. माझा आणि तुमच्या शंभुलिंगचा साखरपुडा, त्याचा फ्लेक्स करायला तुम्ही लोहाऱ्यातली बाकी दुकानं सोडून होणाऱ्या सुनेकडंच आलात, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मजकूर? 'कुलभूषण', 'संस्कारसंपन्न', 'उच्चविद्याविभूषित' — नावांना जागाच उरली न्हाय. कॉलेजात आमचे सर याला शब्दबंबाळ म्हणायचे. म्हणजे काय? रक्तबंबाळ माणूस बघितलाय ना कधी, हायवेला? जखम कुठाय कळत न्हाय, आधी पुसावं लागतं. तसं. वाढदिवसाचे असले फ्लेक्स मी रोज करते, कधी पुसत न्हाय, गिऱ्हाईक म्हणंल ते टाकते. आज पुसलं. कारण मघाशी दारात उभं राहून तुम्ही फोनवर म्हणालात — हळू बोलत होता, पण दुकान केवढंसं — 'पोरगी लई शिकलेली हाय, पण लग्न झालं की दुकानात जाणं बंद.' म्हणालात ना?

मग विभूषित कशाला, भिंतीला टांगायला?

बघायला आलात त्याच दिवशी मी शंभुलिंगना विचारलं होतं, काम चालू ठेवू ना म्हणून. 'बघू' म्हणाले. शब्द एवढासा, पण तोही तसलाच, नुसता फुगलेला. मी हसले — म्हणजे भ्याले, म्हणून हसले. मी कशालाही भिते मामा, कुकरच्या शिट्टीला, एसटीच्या हॉर्नला. या कॉम्प्युटरपुढं बसलं की तेवढी भीत न्हाय. हे आईलासुद्धा सांगितलं न्हाय मी — तुम्हाला कशाला सांगतेय, काय माहीत. तर, तुमची विशेषणं सगळी परत टाकते, एकही गाळत न्हाय. पण खाली एक ओळ माझी: 'लग्नानंतरही अर्पिता याच दुकानात कामाला येईल.' ह्या एवढ्या अक्षरात. पाव्हणे वाचतील? वाचू द्या की, वाचायलाच लावतात फ्लेक्स.

उठलात? बरं. घरी विचारून या. ही ओळ ऱ्हाईल तर साखरपुडा, न्हाय तर न्हाय. फाईल मी उघडीच ठेवते.

काचेचं दार तेवढं हळू लावा, मामा. मी दचकते.