कान पिळायचा मान

हा माझा कान बघा, अजून लाल दिसतोय का? हसू नका रे. लग्नातला सगळ्यात मोठा धक्का ह्याच कानानं खाल्लाय.

माझ्या बायकोचा थोरला भाऊ सोहम. जन्मल्यापासून घरच्यांनी मुलगी समजून वाढवलं, पण आपण पुरुष हाय हे त्यानं मोठेपणी घरात सांगून टाकलं. बायको त्याला दादा म्हणते. बिडकीनचे माझे सासरे मात्र चारचौघांत हट्टानं 'आमची थोरली' म्हणायचे. त्यावरून बापलेकांचं बोलणंच बंद होतं.

गारखेड्यात लग्न लागलं, आम्ही होमाला बसलो. गुरुजी म्हणाले, "नवरदेवाचा कान पिळायला नवरीच्या भावाला बोलवा." चुलत मेहुणा लगेच बाह्या सारत उठला.

तेवढ्यात सासरे गरजले, "खाली बस! सख्खा भाऊ असताना चुलत कशाला? सोहम, ये पुढं!"

सासूबाईंच्या हातातलं सूप सुटलं, लाह्या सगळीकडं. मी तर नवरदेव हाय हेच विसरलो, तोंड उघडं टाकून सासऱ्यांकडंच बघत राहिलो. सोहम आला अन् त्यानं कानाला नुसता हात लावला.

"हळू काय पिळतो?" सासरे म्हणाले. "बहीण घेऊन चाललाय तो तुझी!"

मग असा पिळला, गड्यांनो, की वाळूजला कंपनीत जाताना आठवडाभर हेल्मेट घालता आलं नाय. तक्रार तरी कुणाकडं करणार? सासरे पंगतीत माझाच कान दाखवत फिरत होते, "बघा, आमच्या थोरल्यानं पिळलाय!"