दहापैकी किती?

दवाखान्यात हाताने दाबून मान-पाठ मोकळी करतात, त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी माझा गुडघा घेऊन बसलो होतो. शेजारी एक शिंपीकाका आणि एक इस्त्रीवाल्या बाई. गुडघा गेला असला तरी माझे कान शाबूत आहेत.

“काका, आत काय करतात हो?”

“आधी विचारतात, दहापैकी किती दुखतंय. मग मॅडम मानेवर अंगठा ठेवतात.”

“तुमचं किती?”

“पाच. वर्षभर पाचच.”

“अगंबाई! म्हणजे गुण नाहीच?”

“गुण केव्हाच आला! पण तीन म्हटलं की नाव काढून टाकतात. घरी मान दुखते म्हटलं, तर सून मोबाइलला बोल लावते. इथं कुठं, कसं, कधीपासून, सगळं विचारतात.”

“भलतेच लबाड की तुम्ही!”

“तुमची वेळ कितीची?”

“वेळ कुठली? पाच महिने यादीत आहे. कुणाचं नाव निघालं तर मला घेणार. म्हणून येऊन बसते.”

“खांदा का?”

“थोडासाच. इस्त्री डाव्या हाताने करते आता. केस लेक विंचरते.”

तेवढ्यात आतून हाक आली. काका आत गेले, दार अर्धवटच लागलं.

“काय मास्तर, आज किती? पाचच ना?”

“एक.”

“एक? आठवड्यात एकदम?”

“तुमच्या हाताला गुण आहे, मॅडम. माझं नाव काढा आणि बाहेरच्या बाईंना घ्या. त्या तीन सांगतील, तुम्ही आठ लिहा.”