नवी टाकी

वहिनी : आधी जॅक नीट बसलाय का बघा, मग गाडीखाली जा.

भाऊजी : बसलाय. चाळीस वर्षं नळाची कामं केलीत वहिनी, आता तुमच्या या सहलीच्या घरगाडीखाली, कॅम्परखाली, नाही मरायचा. तो पाना द्या. तो नव्हे, लांब दांड्याचा.

वहिनी : घ्या. वास येतोय अजून.

भाऊजी : येणारच. दादानं शेवटची सहल करून गाडी लावली, त्याला बारा वर्षं झाली. संडासाची टाकी तशीच भरलेली ठेवून लावली. तोंडापाशी तडा गेलाय, हात लावला की तुकडे पडतायत.

वहिनी : ती रिकामी करायचं काम माझं असायचं. त्या खेपेला मी सासूबाईंच्या उशाशी होते. बापलेकच गेले होते.

भाऊजी : आईचं तुम्ही फार केलंत.

वहिनी : टाकीची पट्टी सुटली का?

भाऊजी : सुटली. तिकडून आधार द्या. हळू. आली. आता नवी ढकला इकडे. ही एवढी?

वहिनी : बसेल. मापं घेतलीत.

भाऊजी : बसेल हो. पण जुनीच्या दुप्पट आहे. दोन दिवसांच्या सहलीला एवढी कशाला? एकट्या माणसाला पंधरा दिवस पुरेल ही.

वहिनी : पुरू दे की.

भाऊजी : आत भिंतींनाही थर्माकोल ठोकलाय. मला वाटलं, नातवंडांना फिरवायला गाडी नीट करताय. कुठे निघालात वहिनी?

वहिनी : कुठे नाही. गाडी इथेच राहणार, घरामागे. सोमवारपासून मी हिच्यात राहणार.

भाऊजी : आणि घर?

वहिनी : माझी खालची खोली सुनेच्या आईवडिलांना लागणार आहे. वरचा जिना मला चढवत नाही. लेक म्हणाला, आई, तुला स्वतंत्र जागा हवीच होती ना. मी असं कधी म्हणाले होते, तेही त्यालाच आठवत होतं.

भाऊजी : अहो, पण घर तुमच्या नावावर आहे.

वहिनी : नाही. हे गेले त्याच महिन्यात लेकाच्या नावावर कागद झाला. साक्षीदार म्हणून सही तुमची आहे.

भाऊजी : मला म्हणाला, करापुरतं आहे, आईला काही फरक पडणार नाही. मी वाचलासुद्धा नाही.

वहिनी : मी वाचायला घेतला होता. तुम्ही म्हणालात, पोटच्या पोराचा कागद काय वाचता. मग मिटला आणि सही केली.

(भाऊजी नव्या टाकीचे बोल्ट आवळू लागतात.)

भाऊजी : येऊ दे त्याला कामावरून. उभा करून विचारतो. तुम्ही इथे काय करताय, हे त्याला ठाऊक तरी आहे का?

वहिनी : टाकी त्यानंच आणली. गाडीखाली झोपून मापंही त्यानंच घेतली. म्हणाला, मोठीच घेऊ आई, तुला सारखी उपसायला नको. वाईट मनानं नाही म्हणाला. काळजीनं म्हणाला. तेच मला गिळवत नाही.

भाऊजी : माझ्याकडे चला. मी एकटाच आहे, दोन खोल्या आहेत.

वहिनी : आईंना चार महिने तरी न्या, म्हणून मी तुमच्या दारात येऊन बसले होते. माझी कंबर गेली होती तेव्हा. जागा नाही म्हणालात. त्याच ना या दोन खोल्या?

भाऊजी : त्याच.

वहिनी : मग राहू द्या. तिकडे बघा, बोल्ट आडवा जाईल.

भाऊजी : गेला होता. काढून पुन्हा लावला. आता गळत नाही ना, तेवढं पाणी सोडून बघतो.

वहिनी : थांबा, मीही येते खाली. वाकता येतंय अजून. ही रिकामी करायचा दांडा कुठल्या बाजूला ओढायचा ते दाखवून ठेवा. मग कुणाला हाक मारायला नको.