‘छान’ म्हणायचं नाही

नाही, मला सांगा, माणसाने ‘छान’ म्हणायचं नाही तर मग म्हणायचं काय? साधा शब्द आहे हो! कोणाचं लग्न ठरलं, छान. कोणी नवे पडदे लावले, छान. चौतीस वर्षं मी खोक्यांच्या कारखान्यात मशीनी दुरुस्त केल्या, साहेब यायचा, खांद्यावर हात ठेवून ‘छान’ म्हणायचा, त्यावर आमचं वर्ष निघायचं. आणि आता माझी पोटची पोरगी मला फोनवर लिहून कळवते, ‘बाबा, छान म्हणायचं नाही. ऐकून सांगा.’

तर मुलगी माझी बीट बनवते. तुमचा चेहरा आत्ता झाला ना, तसाच माझाही झाला होता. रॅप असतं बघा, एक जण टोपी घालून हातवारे करत आपल्याशी भांडल्यासारखा बोलत असतो, आणि मागे काहीतरी धडधडत असतं... ते मागचं धडधडणं आमचं. भांडणारा वेगळा. ती तिकडे दूर, दिवसभर कुठल्याशा ऑफिसात आणि उरलेला वेळ खोलीत ही धडधड जुळवत, आणि दर रविवारी सकाळी मला एक पाठवते. खाली लिहिते, ‘कसं वाटलं?’ मी लिहितो, ‘छान.’ तीन वर्षं. दीडशे रविवार धरा, दीडशे छान.

आधी ही भानगड नव्हती, कारण आधी तिची आई होती. फोन यायचा तो आईला. दोघी तासभर बोलायच्या, मध्येच आवाज खाली यायचा म्हणजे विषय माझा, आणि शेवटी ही फोनवर हात ठेवून मला विचारायची, ‘जेवलात का विचारतेय.’ मी म्हणायचो, ‘जेवलो म्हणून सांग.’ झालं बापलेकीचं बोलणं! मी एक शब्द टाकायचो, ही त्याचे दहा करून पुढे पाठवायची. मग तीन वर्षांपूर्वी ही गेली, आणि तुम्हाला सांगतो, माझा एक शब्द तसाच एकटा जायला लागला. तिकडे पोचला की पोरगी विचारते, बाकीचे कुठायत?

म्हटलं ठीक आहे, ऐकतो. आता मला ऐकायची एकच पद्धत माहीत. मशीन बिघडली की स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ आपल्या कानाला, आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग रडतंय ते आत ऐकू येतं. तर मी टेबलावर स्पीकर ठेवला, स्क्रूड्रायव्हर लावला, कान लावला... शेजारीण कसलीशी पावती द्यायला आली होती, दार उघडंच होतं, तिने बघितलं, पावती उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. आठवड्यात आमच्याकडे येणारं तेवढंच एक माणूस, तेही गेलं.

मग मी गेलो खालच्या केशकर्तनवाल्याकडे. त्याच्या दुकानात दिवसभर हेच वाजतं. आता खाली जायचं म्हणजे तीन लाकडी जिने, आणि माझा डावा गुडघा कारखान्यात रोलरखाली आलेला, तेव्हापासून तो आपल्या मर्जीने चालतो. उजवा पाय पायरीवर वेळेवर पोचतो, डावा मागाहून येतो. डॉक्टर म्हणतात, ‘बदलून टाका गुडघा, घड्याळासारखे चालाल.’ तारीखसुद्धा दिलीय. असो. उतरलो, खुर्चीत बसलो. तो म्हणाला, ‘काका, कापायचं काय?’ प्रश्न रास्त होता. म्हटलं, ‘कानामागचं काप, आणि कापता कापता मला बीट समजाव.’

माणूस असा खूश झाला! माझ्या मानेला वस्तरा, आणि म्हणतो, ‘डोलायचं नाही हं काका. हे जड येतंय ना पोटात, धप्प... ती किक. मग हे कोरडं, टाळीसारखं, टॅक... तो स्नेअर. चार मोजा. एक किक, दोन स्नेअर, तीन किक, चार स्नेअर. त्यांच्या मधून हे कात्रीसारखं चिकचिकचिकचिक जातंय, ती हाय-हॅट.’ आणि कात्री माझ्या कानाशी चिकचिकचिकचिक. कान आहे तिथे आहे, देवाची कृपा. ‘खालून घरघरतोय तो बेस. आणि हे सगळं चार-चार मापांचे तुकडे करून फिरवत राहायचं, ती लूप. त्याच्यावर बोलणारा बोलणार.’ म्हटलं, ‘एवढंच?’ तो म्हणाला, ‘तुमच्या कारखान्यात काय होतं, एक मोटर आणि एक पट्टा?’

तुम्हाला सांगतो, मी आठवड्यातून दोनदा जायला लागलो. डोक्यावर केस उरले अठरा, पण नुसतं बसायचं म्हणजे बरं दिसत नाही ना, मग आज भुवई, परवा कानातले. तो शिकवायचा, मी खुर्चीच्या हातावर बोटं आपटायचो. एक मात्र खरं, तिथून वर आलं की घर फार गप्प वाटायचं. मग मी भांडी घासताना वाटीवर किक, ताटलीवर स्नेअर असं करायचो. हिने बघितलं असतं तर म्हणाली असती, ‘भांडी घासा, वाजवू नका.’ कोणीच म्हणालं नाही. ते फार लागतं हो, कोणीच काही न म्हणणं.

आणि आला रविवार. नवीन बीट. मी दार लावून घेतलं, स्क्रूड्रायव्हर लावला, आणि... सापडला! दोष सापडला! किक बरोबर, हाय-हॅट बरोबर, बेस गुळगुळीत, पण स्नेअर उशिरा. दर वेळी जरासा उशिरा. धप्प... टॅक. धप्प... टॅक. मी मनगटी घड्याळ धरून तीनदा तपासलं. आणि तुम्हाला सांगतो, एवढा आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. ‘छान’ म्हणायचं नाही ना? घे! कारखान्यात लिहायचो तसा रीतसर रिपोर्ट लिहिला. ‘तक्रार: दुसरा व चौथा ठोका उशिरा पडतो. आवाज: कोरडा, लाकडी, मध्ये घासल्यासारखा. संभाव्य कारण: पट्टा ढिला. उपाय: जुना भाग काढून नवा बसवणे.’ खाली सहीसुद्धा केली.

उत्तर नाही.

सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पुढचा रविवार आला, मी अंघोळ करून, शर्ट घालून फोनसमोर बसलो... बीट नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. केशकर्तनवाल्याकडे गेलो, त्याला ऐकवलं. त्याने कात्री खाली ठेवली. म्हणाला, ‘काका, हा ढिला नाहीये. मुद्दाम मागे ओढलाय. त्याच्यामुळेच तर ही चालतेय! आणि हा स्नेअर विकतचा नाही, कुठलातरी खरा आवाज घेतलाय, लाकडावर काहीतरी पडतंय. तुम्ही काय सांगितलंत तिला?’ म्हटलं, ‘काढून नवा बसव.’ त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी माझंच नाक कापायला सांगितलंय.

दीडशे छान वाचून जी पोरगी तुटली नव्हती, ती एका रिपोर्टने गेली. खरं सांगतो, चार दिवस मला घास गोड लागला नाही. फोन उचलायचो, ठेवायचो. तिला फोन करून सुरुवात कशी करायची तेच येईना. ते खातं नेहमी हिच्याकडे होतं.

शेवटी गुरुवारी तिचाच फोन आला. लिहिलेलं नाही, फोन! मी उचलला. म्हटलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, ‘बाबा, तो ठोका तुमचा आहे.’

म्हटलं, ‘कसला?’

‘स्नेअर. मागच्या वेळी घरी आले होते ना, तुम्ही भाजी घेऊन जिना चढत होतात, मी वर रेकॉर्डिंगला फोन धरून उभी होते.’ मला वाटलं होतं, आजकालच्या पोरी, बापाच्या हातातली पिशवी घ्यायची सोडून फोन बघतायत. ‘लहानपणी मी तोच ऐकायचे, बाबा. चांगला पाय, मग थांबून दुसरा. खालच्या जिन्यावर ऐकू आला की आई म्हणायची, आले हं, पसारा उचल. इथे संध्याकाळी खोलीवर येते ना, तर जिन्यावर सगळ्यांचेच पाय वाजतात, सगळ्यांचे वेळेवर. त्यातलं कोणी माझं नसतं. म्हणून तुमचा आणून ठेवला. आणि तुम्ही म्हणता, काढून नवा बसव.’

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मशीनीतली खोट नुसत्या आवाजावरून ओळखली, आणि स्वतःचा पाय मला ओळखू आला नाही. म्हटलं, ‘पट्टा... पट्टा ठीक आहे मग.’ ती हसली. रडता रडता हसली की नुसतीच, फोनवर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून आलो, तूर्त राहू द्या. ते म्हणाले, ‘काका, दुखतंय ना?’ म्हटलं, ‘दुखतंय. पण घड्याळासारखा चाललो तर ती बीट बिघडेल.’ त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, बहुतेक दुसऱ्या डॉक्टरांचं नाव.

आणि या रविवारी आली तीच बीट, पुरी झालेली. वर तो टोपीवाला भांडतोय, भांडू दे. मी लावली आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत चालत गेलो. धप्प... टॅक. माझा पाय आणि तो पाय, एकदम. परत आलो. पुन्हा गेलो. तुम्हाला सांगतो, तीन वर्षांनी त्या घरात दोन माणसं चालत होती.

खाली लिहिलेलं होतं, ‘कसं वाटलं?’ मी बसलो लिहायला. किक लिहिली, बेस लिहिला, जिना लिहिला, हिचं नाव लिहिलं... सगळं पुसलं. अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, ‘छान.’

काय करणार? त्याचे दहा करणारी आता घरात नाही.