वापर शून्य

ज्यानं कुणी ते काढून टाकलं ना, त्यानं एकदा तरी या नदीवर येऊन दाखवावं. नाही येणार. तिकडे इकितोस शहरात ऑफिसच्या पंख्याखाली बसून ठरवायचं, कुणाला काय लागतं आणि काय नाही — सेन्योर, बोटीत दाटी आहे, तुमचा झुला जरा सरकवता? हां, बास. तुम्ही विचारलंत, फोनवर एवढी कुणावर चिडलीस, म्हणून सांगते.

आमचा एक प्रोग्राम आहे, या नापो नदीकाठच्या सुइणींसाठी. बाळंतिणीबद्दल एकेक प्रश्न विचारतो आणि सांगतो, आता हिला बोटीत घाला, दवाखान्यात न्या. माझी मावशी एर्मेलिंदा सुईणच. तिला वाचता येत नाही, स्पॅनिश बाजारापुरतं — म्हणून प्रोग्राम इथल्या किच्वा भाषेतून बोलतो. तिथले फोन जुनाट, त्यात जागा नाही. तेव्हा फाइल लहान करायचं काम माझ्याकडे. आनंदानं केलं. कंपाइल करताना, म्हणजे आम्ही लिहिलेल्याचा चालता प्रोग्राम बनवताना, फाइलीत काय काय चढतं माहितीये? आमच्या सोयीच्या खुणा, एका बारीकशा कामासाठी उचललेलं कुणाच्या तरी प्रोग्रामचं अख्खं बाड — सगळं उपटून टाकलं. निम्मी झाली. तरी मावेना. मग साहेब म्हणाले, ज्याचा वापर नाही ते काढा. आणि काढलं काय? किच्वा. वापर शून्य म्हणे.

अहो, वापराचे आकडे येतात इंटरनेटवरून. जिथे किच्वा बोलतात तिथे इंटरनेट आहे कुठे? बैठकीत मी हेच म्हटलं, तर म्हणाले, "मिल्का, भावना बाजूला ठेव, आकडे बघ." बघितले. सगळ्यात जास्त वापर कशाचा? साहेबांच्या स्वागतपर भाषणाचा, फोटोसकट. असणारच — प्रोग्राम उघडला की आधी तेच सुरू होतं, बंदही करता येत नाही.

मग काय, भाषण काढलं आणि किच्वा परत घातलं. परवानगी? कसली परवानगी. ऑफिसच्या लेखी मी तापानं फणफणलेय. तुम्ही कुणाला — सांगा, सांगा खुशाल. मावशीच्या गावात एक पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत तिचे. एकदा मावशीच्या फोनमध्ये हे घालून दिलं की मला नोकरीवरून काढा नाहीतर आणखी काही करा.

तरीही थोडं जास्तच होत होतं, तर शेवटी रेकॉर्ड केलेल्या प्रश्नांच्या मधल्या शांतता कापल्या. शांततासुद्धा जागा खाते, लोकांना पटत नाही. आवाज माझाच आहे. थांबा, ऐकवते. ऐका... बघा, कसं बसलं चपखल. एक बाइट वाया नाही.

काय गं आजी? — तुम्हाला नाही हो, या पलीकडच्या झुल्यातल्या आजीला. किच्वात काहीतरी म्हणतेय. काही नाही, सेन्योर. म्हणजे... ती म्हणते, "ही फोनमधली पोरगी कुणाच्या पाठी लागलीये? कळा सोसणाऱ्या बाईला दोन प्रश्नांच्या मध्ये श्वास तरी घेऊ दे."