मेढ्याच्या यात्रेत साक्षी लाईव्ह

हॅलो?... कोण, तहरीम? अगं किती दंगा हाय तिथं... हळू बोल की, आत्ताच बाळ निजलंय...

मेढ्यात? यात्रेत?... कार्यक्रमाला? कुणाच्या?... आपल्या?

अगं काय बोलतीयास. येरळाकाठ बँड बंद हाय न्हवं, मी बाळंतपणातनं उठेपर्यंत? हे तर सेकंड शिफ्टला कारखान्यात जात्यात... डबा भरून दिलाय मी दुपारी...

आं? स्टेजवर? गिटार घेऊन?...

थांब, थांब. मग गातंय कोण?... माझा आवाज? अगं मी हितं कुपवाडात, कान बांधून पलंगावर बसलीया... हो, हो, पेन ड्राईव्हवर. कळलं. आणि तोंड कोण हलवतंय?

स्वप्नाली.

आपली कोरसवाली? जिला मी सूर धरायला शिकवलं?... गॉगल माझा? आणि हिरवी नऊवारी बी?... तरीच म्हटलं, कपाटातनं गेली कुठं.

कवापासनं चाललंय हे?... बारशाच्या आधीपासनं? आणि बँडमधी असून तू आज सांगतीयास मला?... बरं, रडू नको. फोन कशाला केलास ते सांग.

पेन ड्राईव्ह अडकला... कडव्याच्या मधीच... आणि ती?... नुसती आ करून उभी. व्हय, ती काय गाणार, वरचा सा लागत न्हाई तिचा...

मी फोनवरनं गाऊ? तू मोबाईल माईकला लावणार, आणि तोंड तीच हलवणार?... ही अक्कल कुणाची?... वाटलंच.

अगं ऐक ना. वरातीत बेंजो वाजवत फिरायचो आमी दोघं. लोक नाचायचे, पण नाव कुणी इचारत न्हवतं. मग मी ज्वारी निवडता निवडता गाणं केलं, ते मोबाईलवर गाजलं, तवा कुठं गावोगावच्या यात्रेच्या सुपाऱ्या याय लागल्या. साक्षी हाय का इचारूनच बोलावत्यात गं आपल्याला... पोट पुढं आलं तरी उभी राहून गायलीया मी...

काय म्हणत्यात हे?... दे त्यांस्नी.

हॅलो... आवं, वरडू नका, बाळ उठंल. डबा खाल्ला का?... व्हय, सगळं ऐकलं... न्हाई, आधी मला सांगा, लोकांना काय म्हणालात, ती कोण?

माझी बायको साक्षी?... माईकवर?... तिचा हात धरून?

केसानं गळा कापलात की हो माझा... न्हाई, नाईलाज बिईलाज नका सांगू. मला एका शब्दानं इचारलं असतं तर बाळाला पाठीशी बांधून आले असते मी...

न्हाई, रडत न्हाई. बरं. लावा माईकला... लावला?... येतोय आवाज समद्यांस्नी?

राम राम मेढेकर. मी साक्षी बोलतीया. बाळंतीण हाय, कुपवाडात घरी हाय. तुमच्या म्होरं उभी हाय ती कोण, ते जरा आमच्या मालकांना इचारा...

हॅलो?... हॅलो?