ते तुमचं नाही

सगळ्यांना जयभीम. नानांच्या शोकसभेला भडगावहून, बोदवडहून माणसं आलीत. विहारात बसायला जागा उरलेली नाही. आणि मला तर बोलता येत नाही. आमच्या घरात बोलायचं काम नानांचं. चाळीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर, पण इथं मी मागच्या सतरंजीवरच बसायची.

दर रविवारी नाना माझ्या डब्यांतलं धान्य घेऊन यायचे, आठवतं ना? तूर, मूग, उडीद, ज्वारी, बाजरी. कापडावर पाच ढिगल्या करायचे. हे शरीर, ही सुखदुःखाची जाणीव, हे ओळखणं, हे मनावरचे संस्कार, हे भान. आणि विचारायचे, "यामा नाना कोठे शे, दाखाडा." यात नाना कुठे आहे, ते कोणालाच दाखवता यायचं नाही. नाना हे नुसतं नाव, म्हणायचे, गोणीवरच्या शिक्क्यासारखं. हे आतून कळलं की माणूस सुटला. मग पाची ढिगल्या एकत्र करून घरी आणायचे. निवडत कोण बसायचं? मी. हसा, हसा. मीही त्यांना खूप बोलले आहे.

माझा गुडघा दुखायचा. मी कण्हले की म्हणायचे, "दुखनं उनं शे, जाई. ते तुन्हं नही." दुखणं आलंय तसं जाईल, ते तुझं नाही. तेल चोळायचे, पण आधी हे, मग तेल. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू?

नाना गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी घाबरून माझा हात धरला. म्हणाले, "माले भ्याव लागस वं." आणि मी काय म्हटलं? बायांनो, मी त्यांचंच बोलणं त्यांना परत दिलं. "भ्याव उनं शे, जाई. ते तुमनं नही." वाटलं, त्यांना आधार होईल. थोडा जुना रागही होता त्यात.

"बरोबर शे," म्हणाले. हात काढून घेतला. पुन्हा बोलले नाहीत. सकाळी गेले.

भन्ते म्हणतात, त्या क्षणी नाना सुटले. असेलही. मला वाटतं, ते एकटे पडले. खरं काय, आता कोणाला विचारू? सगळं अनित्य आहे, मला पाठ आहे. संध्याकाळी रिकाम्या घरात दिवा लावताना त्या पाठांतराचा काही उपयोग होत नाही.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. ज्याचं माणूस शेजारी असेल, त्यानं हात जोडू नयेत, त्या माणसाचा हात धरावा. आणि उद्या कोणी म्हणालं, भीती वाटते, तर त्याला काही शिकवू नका. नुसतं सांगा, मी आठे शे, मी इथंच आहे.

नाना, मी आठे शे.